टोपीवाल्याच्या पुस्तकातली दोन पानं

अण्णा,

आम्ही घर बदलतोय. इथे सिंगापुरातला हौगांगचा फ्लॅट सोडून पुढच्या आठवड्यात मरीन परेडला राहायला जायचं आहे, आणि घरभर खोकी पसरली आहेत. पुस्तकांच्या खोक्यांना मी दुसऱ्या कुणाचा हात लागू दिलेला नाही. पुस्तक कणा वर आणि तोंड खाली असं उभं करून भरलं की पानं स्वतःच्याच वजनानं कण्यातून सुटायला लागतात, हे मी सकाळपासून नवऱ्याला तीनदा सांगितलं. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "तुझे वडील गेले, पण त्यांचं दुकान काही बंद झालेलं नाही." खोचकपणे म्हणाला, पण मला आतून बरंच वाटलं. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला पत्र लिहिलं नाही, आणि तुम्ही होतात तेव्हाही धड लिहिलं नाही. आईला लिहिलेल्या पत्राचा खालचा चतकोर ती "अण्णांसाठी दोन ओळी" म्हणून रिकामा ठेवायला लावायची, आणि मी तिथे हवापाण्याची चौकशी करून मोकळी व्हायचे. आज मात्र तुमचं लाल कापडाचं पुस्तक हातात आलं आणि मी भरायचं थांबवलं. बैठकीच्या खोलीत फरशीवर बसून लिहिते आहे. स्वयंपाकघरात छोट्या पातेल्यात खळ शिजवून गार करायला ठेवली आहे. ती कशासाठी ते सांगतेच.

हे पुस्तक दुकानात आलं तेव्हा मी सहा-सात वर्षांची असेन. एका शाळेच्या लायब्ररीची पन्नासेक इंग्रजी पुस्तकं पोत्यात भरून कऱ्हाडच्या आपल्या दुकानात बांधायला आली होती. या पुस्तकाचं वरचं कव्हर गेलेलं, पहिली चार पानं गेलेली. नाव नाही, लेखक नाही. शाळेनं ते बाद केलं आणि "तुम्हालाच ठेवा" म्हणून सोडून दिलं. गिऱ्हाइकाचं पुस्तक वाचायचं नाही, नुसतं मोजायचं, असा तुमचा नियम होता. सोळा पानांचा एक फर्मा, असे सगळे फर्मे ओळीनं लागले की नाहीत ते बोटांनी तपासायचं, मजकुरात डोकं घालायचं नाही. बाइंडर वाचत बसला तर सुई गंजेल म्हणायचात. पण हे पुस्तक आता गिऱ्हाइकाचं राहिलं नव्हतं. सातवीपर्यंतचं इंग्रजी आणि एक फाटकी डिक्शनरी, एवढ्या भांडवलावर तुम्ही ते महिनाभर वाचलंत. आत चित्रं होती. एका चित्रात कातड्याचे कपडे घातलेला एक दांडगा माणूस, हातात लांब बंदूक, डोक्यावर केसाळ टोपी आणि टोपीला मागे पट्ट्यापट्ट्यांची शेपूट. पुस्तकभर तो स्वतःच "मी, मी" करून बोलतो, त्यामुळे त्याचं नाव गेलेल्या पानांबरोबर गेलं होतं. म्हणून आपल्या घरात तो टोपीवाला झाला. त्याचं खरं नाव मला फार पुढे, इथे, कळलं. पण तुम्हाला लिहिताना मी ते वापरणार नाही. आपल्या घरात त्या नावाला कोण ओळखतं?

दर रविवारी सकाळी आठवड्याची खळ आईच्या चुलीवर शिजायची. मैदा, पाणी, आणि कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. आई दर रविवारी तेच बोलायची, "ते विषाचं पातेलं माझ्या भांड्यांत मिसळलंत तर बघा," आणि तुम्ही दर रविवारी पातेल्याचा कान दाखवायचात. त्याला ओळखीसाठी लाल दोरा बांधलेला होता. खळ सतत ढवळावी लागते, नाहीतर गुठळ्या होतात. ते काम ताईचं. ढवळणारीला कंटाळा येऊ नये म्हणून तुम्ही टोपीवाल्याची गोष्ट सांगायचात. अमेरिका तेव्हा पूर्वेच्या कडेकडेनं वसलेली आणि पलीकडे सगळं रान, त्या रानाच्या तोंडाशी ओंडक्यांच्या घरात हा जन्मला. बाप वाटसरूंसाठी खानावळ चालवायचा. तीन वर्षांचा असताना म्हणे यानं अस्वल मारलं. इथे तुम्ही जरा अडखळायचात, मग सांगायचात की मारलं नाही, दटावलं. तीन वर्षांच्या पोरानं दटावल्यावर अस्वलाला लाज वाटली आणि ते निघून गेलं. माझा आवडता भाग पुढचा. टोपीवाला शिकार बंदुकीनं करायचाच नाही. झाडावर प्राणी दिसला की तो खालून त्याच्याकडे बघून नुसता दात काढून हसायचा, आणि प्राणी मुकाट्यानं खाली यायचा. एकदा एक प्राणी काही केल्या उतरेना. हा आपला हसतोय, हसतोय. उजाडल्यावर बघतो तर तो प्राणी नव्हताच, खोडावरची गाठ होती, आणि याच्या हसण्यानं झाडाची सगळी साल निघून आली होती! हे सांगताना तुम्ही स्वतः दात काढून आईच्या पाठीकडे बघायचात आणि आई न वळता म्हणायची, "माझी साल निघायची नाही, उतरवा ते पातेलं." तेवढं ऐकलं की मी बाहेर खेळायला पळायचे. गोष्ट पुढेही होती. ती ताई ऐकायची.

तुमच्या तोंडचं एक वाक्य दिवसातून वीसदा ऐकू यायचं. पुस्तकाला हात लावणाऱ्या प्रत्येकाला, जेवायला बसणाऱ्या प्रत्येकाला, एकदा तर पुस्तक घ्यायला आलेल्या हेडमास्तरांनासुद्धा तुम्ही विचारलंत, "हात धुतलेस का?" हेडमास्तरांना अर्थात "धुतलेत का".

आता तो दिवस. बारावीची परीक्षा झाली होती, मी सुट्टीत दुकानात बसायचे. एका निवृत्त मास्तरांनी आयुष्यभर हातानं लिहिलेली वही बांधायला दिली होती. मला मैत्रिणीकडे जायची घाई होती. ब्रश खळीत जास्त बुडला, पुसला नाही, आणि वही दाबाखाली ठेवून मी गेले. दुसऱ्या दिवशी मास्तर आले, वही उघडली, तर मधली दोन पानं एकमेकांना घट्ट चिकटलेली. सोडवायला गेले तर फाटली. फाटलेल्या पानावर मास्तरांनी हात ठेवला तो बराच वेळ उचलला नाही. मग तुम्ही त्यांच्यासमोर मला म्हणालात, "पानांची तोंडं बंद करणारा हात माझ्या दुकानात नको." तुमचं बरोबर होतं. पण मी अठरा वर्षांची होते, आणि समोर परका माणूस होता. मी पुण्याला इंजिनिअरिंगला गेले ती दोन वर्षं कऱ्हाडला फिरकले नाही. दिवाळीला नाही, उन्हाळ्यात नाही. आई आणि ताई येऊन भेटायच्या, डबे आणायच्या. तुम्ही आला नाहीत. तुमच्याच घरातली मी, माझी मानही तुमच्यासारखीच ताठ.

दोन वर्षांनी मी आले. केस कापलेले, चष्मा लागलेला, अंगात जीन्स, वजनही बरंच उतरलेलं. दुपारी दुकानाच्या पायरीवर उभी राहिले. तुम्ही सुईत दोरा ओवत होतात. मान वर केलीत, माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "बोला, काय बांधायचंय?" तेवढ्यात आतून ताई चहा घेऊन आली, तिनं कपबशी तिथेच गठ्ठ्यावर आदळली आणि "अगं बाई, तू!" म्हणून माझ्या गळ्यात पडली. तुम्ही हसलात. चष्म्याची काच धुरकट झाली म्हणालात. मग मागच्या नळावर हात धुवायला गेलात आणि किती वेळ नळ वाहत राहिला. त्या दिवसाबद्दल आपण दोघं पुढे कधी एक अक्षर बोललो नाही. आपलं भांडण मिटलं, मी दुकानात बसायलाही लागले, पण तो नळाचा आवाज राहिला.

मग नोकरी, लग्न, आणि सिंगापूर. निघताना तुम्ही हे पुस्तक दिलंत. लाल कापड, कोपऱ्यांना चामडं, कण्यावर सोनेरी रेघ, नाव नाही. "पोरी, याला नाव नाही, पण शिलाई पक्की आहे," म्हणालात. मी ते शेल्फवर मानानं ठेवलं आणि, खरं सांगते, वाचलं नाही. गोष्ट मला येतेच की, असं वाटायचं. माझी नोकरी दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायची आहे. चुका काढायचा मला पगार मिळतो, आणि घरातल्या पुस्तकात काय आहे ते मी वर्षानुवर्षं उघडून बघितलं नाही!

तुम्ही इथे आलात तेव्हा तुमची नात चार वर्षांची होती. तीन महिने राहिलात. सकाळी खालच्या मोकळ्या व्हॉइड डेकमध्ये जाऊन बसायचात, शेजारच्या चिनी आजोबांशी खुणांनी गप्पा मारायचात, आणि लायब्ररीत गेलो की एकेका पुस्तकाचा कणा दाबून नाक मुरडायचात, "हे नुसतं गोंदावर उभं आहे, शिवलेलं नाही." एका दुपारी नातीनं शेल्फवरचं लाल पुस्तक ओढलं आणि चित्रातल्या टोपीकडे बोट दाखवून म्हणाली, "आजोबा, धिस वन कॅट आहे?" तुम्ही गोष्ट सांगायला बसलात. मी पलीकडे कपड्यांच्या घड्या करत होते. अस्वल झालं, झाडाची साल झाली. तुमचे दात आता खोटे होते, त्यामुळे तो भाग आणखीनच रंगला. आणि मी प्रथमच पुढची गोष्ट ऐकली. टोपीवाला शाळेत जेमतेम चार दिवस गेला, एका मोठ्या मुलाशी मारामारी केली, आणि मास्तरांच्या भीतीनं शाळा बुडवून रानात लपायला लागला. बापाला कळलं. बाप छडी घेऊन मागे धावला, आणि पोरगं जे पळालं ते गुरं हाकणाऱ्यांच्या तांड्याबरोबर मुलूख सोडूनच गेलं. दोन-अडीच वर्षांनी परत आलं. एवढं वाढलेलं, की वाटसरूंच्या पंगतीत मुकाट्यानं जाऊन बसलं तर कुणी ओळखेना. बाप जेवण वाढत होता. या पोराची एक लहानपणची खोड होती, भाकरीची कड आधी मोडून शेवटच्या घासासाठी बाजूला ठेवायची. बापानं वाढता वाढता ती ताटाच्या कडेला ठेवलेली कड बघितली. न विचारता दुसरी भाकरी वाढली आणि म्हणाला, "हात धुतलेस का?"

तुमची नात टाळ्या वाजवून म्हणाली, "अगेन!" मी घडी घातलेला शर्ट परत उलगडला आणि परत घडी घातली. भाकरीची कड शेवटच्या घासाला ठेवायची खोड माझी आहे. मला वाटलं, तुम्ही गमतीनं माझी खोड त्याला चिकटवलीत. एवढंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्याकडे मैदा मागितलात. "कणा सैल झालाय, जरा खळ लावतो." मोरचूद इथे कुठे मिळतो ते मला माहीत नव्हतं, म्हणून तसंच शिजवलंत, माझ्या दुधाच्या पातेल्यात. मी आईसारखीच ओरडले, तुम्ही आईसमोर हसायचात तसेच हसलात. दाबायला वर पाच किलो तांदळाची पिशवी ठेवलीत. मग तुम्ही परत गेलात, आणि त्याच वर्षी दिवाळीनंतर गेलातच.

पुढे सात वर्षांनी, सार्सच्या साथीचं वर्ष नुकतंच सरलं होतं आणि मुलांच्या दप्तरात ताप बघायचे थर्मामीटर अजून होते, तेव्हा लेकीच्या शाळेत गोष्ट सांगायची स्पर्धा लागली. विषय होता दंतकथेतले वीर. लेक अकरा वर्षांची, पाचवीत. तिनं क्षणाचाही विचार न करता टोपीवाला निवडला. मैत्रिणींना आधीच सांगून बसली की माझ्या आजोबांची स्पेशल गोष्ट आहे. टीचरांची अट एवढीच, की गोष्ट कुठल्या पुस्तकातून घेतली ते सांगायचं. आपल्या पुस्तकाला नावच नाही, म्हणून ती लायब्ररीत टोपीचं चित्र दाखवून याच वीराचं दुसरं पुस्तक घेऊन आली आणि संध्याकाळी माझ्यासमोर ते आपटलं.

"आई, आजोबा गॉट इट राँग."

"काय राँग?"

"फादर नाही ओळखत त्याला. नोबडी ओळखत नाही. सिस्टर ओळखते. जेवताना ती त्याच्याकडे बघत राहते, देन शी जम्प्स अँड हग्स हिम. भाकरी पण नाही, हात धुतलेस का पण नाही. आय टोल्ड एव्हरीवन आधीच! सो पैसेह लाह!"

पैसेह म्हणजे इथल्या भाषेत लाज वाटणं. तिचे कान लाल झाले होते. मी म्हटलं, पुस्तकापुस्तकात फरक असतो, आपलं बघू या. लाल पुस्तक काढलं. पोर पळून जातं ते पान एक्केचाळीस. उलटलं तर समोर चव्वेचाळीस, आणि टोपीवाला घरी येऊन शेतात कामालाही लागलेला. बेचाळीस नाही, त्रेचाळीस नाही. लेक म्हणाली, "पेज मिसिंग." पण मी बाइंडरची मुलगी. पान अंगठ्याखाली धरलं आणि कळलं की हे एक पान नाही, दोन आहेत. कडेला कसरीनं बारीक कुरतडलं होतं. मोरचूद नव्हता ना, आणि इथली दमट हवा. वरच्या कोपऱ्यात खळ सुटायला लागली होती.

मी राइस कुकर लावला. वाफेवर पान धरून, पोळी तव्यावरून सोडवतात तसं कडेकडेनं सोडवत आणलं. पानं अलगद सुटली, एक अक्षरही फाटलं नाही. खळ इतकी पातळ आणि सारखी लावली होती की हे निष्काळजीपणानं झालेलं नव्हतं हे आंधळ्यालाही कळावं. आत मजकुरात तेच होतं, बहिणीनं ओळखलं. कठीण शब्दांवर तुमच्या पेन्सिलीचे बारीक अर्थ होते; एका शब्दावर "ओळखले" असं लिहिलेलं. शेजारी चित्र होतं. लांब टेबल, बसलेले वाटसरू, एक मुलगी मुलाच्या गळ्यात पडलेली, आणि हातात सुरई घेऊन उभा असलेला बाप, पाठमोरा, दुसरीकडेच बघणारा.

मी ताईला कऱ्हाडला फोन लावला. कॉलिंग कार्डाचा भलामोठा नंबर दाबताना दोनदा चुकले. ताई म्हणाली, "बहीणच ओळखते गं. लहानपणी अण्णा तसंच सांगायचे. माझा तोच तर आवडता भाग, म्हणून तर मी खळ ढवळायला बसायची. तू साल निघाली की पळायचीस." मी विचारलं, मग भाकरीचं? "कसली भाकरी?" ताई म्हणाली. "तू पुण्याहून आलीस ना, त्यानंतर त्यांनी ती गोष्ट मला परत कधी सांगितली नाही. मी एकदा माझ्या पोरांसाठी सांगा म्हटलं, तर म्हणाले, शेवट विसरलो."

फोन ठेवून मी ओट्याशी उभी राहिले. मला रडू आलं, आणि त्यात राग अजिबात नव्हता. ज्या माणसानं चिकटलेल्या दोन पानांपायी मला दुकानाबाहेर काढलं, त्यानं माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या दुधाच्या पातेल्यात खळ शिजवून स्वतःच्या हातानं दोन पानांची तोंडं बंद केली होती. पंधरा-सोळा वर्षं तो पाठमोरा बाप तुम्ही सांभाळलात. आणि शेवटी त्याला वळवलंत, त्याच्या हातात भाकरी दिलीत.

लेक मागे उभी होती. "सो आजोबा चीटेड?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. "व्हाय?" मग मी तिला ती वही सांगितली, दोन वर्षं सांगितली, पायरीवरची दुपार सांगितली, "बोला, काय बांधायचंय" सांगितलं. नळाचं सांगितलं. ती खुर्चीत पाय वर घेऊन ऐकत होती. बराच वेळ चित्रातल्या सुरईवाल्याकडे बघत बसली आणि मग म्हणाली, "ही लुक्स लाइक ही वॉन्ट्स टू टर्न."

स्पर्धेच्या दिवशी मी ऑफिसातून अर्धी रजा काढून हॉलमध्ये मागे बसले होते. काय सांगणार ते तिनं मला सांगितलं नव्हतं. खरी गोष्ट सांगितली तर तुम्ही खोटे पडत होतात, आणि तुमची सांगितली तर ती. तिनं अस्वलाला दटावलं, सालीसाठी दात काढले, सगळा हॉल हसला. मग पोरगं परत आलं, पंगतीत बसलं. तिनं हवेतल्या भाकरीची कड मोडली, बाजूला ठेवली. आणि अख्ख्या इंग्रजी गोष्टीत एकच वाक्य मराठीत म्हणाली, "हात धुतलेस का?" मग त्याचा अर्थ इंग्रजीत सांगितला. चारशे मुलांच्या हॉलमध्ये कुणीही हसलं नाही.

परीक्षक टीचरांनी ही गोष्ट वाचलेली निघाली. त्यांनी विचारलं, हे पुस्तकात नाही, पुस्तकात बहीण ओळखते ना? लेकीनं लाल पुस्तक वर धरलं आणि शांतपणे म्हणाली, "मॅडम, इन माय ग्रँडफादर्स बुक, दॅट पेज इज स्टक." टीचरांनी भुवया उंचावल्या, आणि हसल्या. तिला नंबर मिळाला नाही, भाग घेतल्याचं प्रमाणपत्र मिळालं. ते तिनं फ्रिजवर लावलं होतं. आज सकाळी मीच काढून खोक्यात ठेवलं. आम्ही त्या दिवशी तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये जाऊन जेवलो आणि दोघींनी रोटी प्राटाची, म्हणजे इथल्या पराठ्याची, कड शेवटच्या घासाला ठेवली. ती आता सतरा वर्षांची आहे, माझ्यापेक्षा उंच. कड अजून ठेवते.

त्यालाही आता सहा वर्षं होतील. तेव्हापासून ती दोन पानं तशीच सुटी आहेत. पुस्तक उघडलं की आपोआप तिथेच उघडतं आणि तुमचा तो पाठमोरा बाप समोर येतो. मी इतकी वर्षं ती परत चिकटवली नाहीत, याला कारण आहे. लेकीला पायरीवरची दुपार सांगितली तेव्हा मी एक गोष्ट गाळली. ताईलाही ती माहीत नाही. तुम्हाला तर नाहीच.

अण्णा, त्या दिवशी तुम्ही मान वर करायच्या आधी मी बोलले होते. येताना एसटीत ठरवूनच आले होते की बघू या, ओळखतात का. ऊन पाठीशी येईल अशी उभी राहिले, म्हणजे माझा चेहरा तुम्हाला काळाच दिसावा. आणि आवाज जाड करून, शहरी करून म्हणाले, "काका, एक पुस्तक बांधायचं होतं." तुमच्या मुलीनं तुम्हाला काका म्हटल्यावर तुम्ही दुसरं काय विचारणार होतात? मीच सगळा चकवा मांडला होता, तुम्ही त्यात सापडलात, आणि सापडलात म्हणून मला त्या क्षणी बरंसुद्धा वाटलं. दोन वर्षांचा राग फिटला. मग नळ वाहत राहिला आणि माझी जीभ उचलली नाही. आज सांगू, उद्या सांगू करत राहिले. हौगांगला तीन महिने तुम्ही माझ्या समोर जेवायला बसत होतात, तेव्हाही नाही सांगितलं. त्या बापाला वळवायची तुम्हाला काही गरज नव्हती. त्याची पाठ मीच फिरवली होती.

एवढंच सांगायचं होतं. हे पत्र कुठे पाठवायचं नाही. पातळ कागद मुद्दाम घेतला आहे, घडी न घालता बेचाळीस आणि त्रेचाळीसच्या मध्ये नीट बसेल. खळ आता गार झाली आहे, गुठळी एकही नाही, मीच ढवळली. या वेळी मोरचूदही घातलाय, सेरंगून रोडवरच्या एका जुन्या दुकानात मिळाला. ब्रश पुसून घेतलाय. दाबायला तांदळाची पिशवी आहे.

आणि हो अण्णा, हात धुतलेत.